तळटीप १७ : ‘थकलेल्या पेशी’

१७. हे लेखकाचे रूपक नव्हे, प्रतिकारशास्त्रातली रूढ संज्ञा आहे. येथील थकवा रुग्णाचा नसून टी पेशींचा, म्हणजे थायमस ग्रंथीत तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशींचा. फ्लूसारख्या अल्पकाळच्या संसर्गात त्या झपाट्याने वाढतात, विषाणूग्रस्त पेशी मारतात आणि काम झाल्यावर बहुतेक मरतात. उरतात त्या ‘स्मृतिपेशी’. पीतज्वराच्या लशीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो, म्हणून माणसातला हा क्रम अभ्यासायला ती सोयीची. लशीनंतर दशकांनीही अशा स्मृतिपेशी सापडतात. एचआयव्ही किंवा, बहुतेक रुग्णांत, हेपटायटिस-सी मात्र मुक्कामच ठोकतो. सततच्या चिथावणीने टी पेशींवर पीडी-१ हे प्रथिन वाढते, ते ब्रेकसारखे काम करते आणि पेशी जिवंत असून निष्प्रभ होतात. हे आधी उंदरांत दिसले, २००६ मध्ये एचआयव्हीबाधितांतही. (पीडी-१ १९९२ मध्ये जपानात तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत सापडले होते, त्यांना २०१८ चे नोबेल मिळाले, ते हाच ब्रेक सोडवून करायच्या कर्करोगावरील उपचारासाठी.) लेखकाचे ‘चिवट विषाणू पेशींना थकवतातच’ हे विधान मात्र सरसकट घेऊ नये : सायटोमेगॅलोव्हायरस शरीरात जन्मभर राहतो, तरी त्याच्याविरुद्धच्या टी पेशी बऱ्याच अंशी कार्यक्षम असतात.