स्वल्पविराम कुठे द्यायचा?

फळ्यावर १२३४५६७८ हा आकडा लिहा आणि मुलांना स्वल्पविराम द्यायला सांगा. आपली मुले १,२३,४५,६७८ असे लिहितील. अमेरिकेतली १२,३४५,६७८ असे. आपल्या स्वल्पविरामाला बोलण्याचा आधार आहे. हजारानंतर दर शंभरपटीला आपल्याकडे नवा शब्द येतो: लाख, कोटी. इंग्रजीत तो हजारपटीला येतो. संगणकाला यातले काहीच ठाऊक नसते. त्याला ते सांगावे लागते, आणि कसे सांगायचे हे दरवेळी नव्याने ठरत गेले.

१९६० च्या सुमारास व्यापारी हिशेबांसाठी कोबोल ही भाषा आली. तिच्यात आकडा कसा छापायचा याचे चित्रच काढून द्यायचे: ९९,९९,९९९.९९. यातला प्रत्येक नऊ म्हणजे एका अंकाची जागा, आणि स्वल्पविराम आपण देऊ तिथेच पडणार. म्हणजे लाख-कोटी छापायला काही अडचण नव्हती! १९६८ च्या प्रमाण कोबोलमध्ये डॉलरऐवजी दुसरे चलनचिन्हही ठरवता येई, पण ते एकाच अक्षराचे हवे. आपले दोन अक्षरी ‘आरएस’ तिथे मावत नसे.

पण एकच प्रोग्राम अनेक देशांत चालवायचा तर असे पक्के चित्र उपयोगाचे नाही. वापरणाऱ्याचा प्रदेश कोणता, हे प्रोग्रामने संगणकालाच विचारायला हवे. सी भाषेच्या १९८९ च्या मानकात ही सोय आली. त्यात गट ‘तीनचा’ असे एकच उत्तर नव्हते, गटांच्या आकारांची ओळ होती. उजवीकडून पहिला गट पहिल्या आकाराचा, दुसरा दुसऱ्या. ओळ संपली की शेवटचा आकार पुन्हा पुन्हा. अमेरिकेसाठी ओळीत फक्त ३. आपल्यासाठी ३, २. दोन अंकांत सगळी लाख-कोटीची रीत बसली! आम्हाला या इतिहासातली हीच जागा सर्वांत आवडते. वर्गात हा नियम हाताने करून पाहायला सांगा. पाचवीच्या मुलांनाही जमतो.

एक्सेलसारख्या तक्त्यांत मात्र गंमत होते. तिथे आकड्याच्या साच्यात अंकांच्या जागांमध्ये स्वल्पविराम कुठेही द्या, संगणक त्याचा अर्थ ‘गट पाडा’ एवढाच घेतो. म्हणून लोकांनी युक्ती काढली: रक्कम कोटीच्या वर असेल तर एक साचा, लाखाच्या वर असेल तर दुसरा, उरलेल्यांना तिसरा. आम्हीही एका हिशेबात ती वापरली. जमेचे आकडे छान आले. पण ऋण रक्कम लाखापेक्षा लहानच, त्यामुळे ती तिसऱ्या साच्यात गेली, आणि अडीच लाखांची तूट -२५०,००० अशी छापली गेली. बैठकीत एकाने ती पंचवीस हजार वाचली! संगणकाचा प्रदेश ‘भारत’ केल्यावरच काम झाले.

चिन्हाचा प्रश्न १५ जुलै २०१० रोजी बदलला. उदय कुमार यांनी रेखाटलेले ₹ केंद्र सरकारने स्वीकारले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याला युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक मिळाला. त्याआधीच काहींनी एखाद्या क्वचित लागणाऱ्या कळीवर ते चिन्ह बसवून फॉन्ट वाटले होते. ज्या संगणकावर तो फॉन्ट नसे, तिथे रकमेपुढे कळीवरचे मूळ चिन्हच दिसे.

प्रदेश बदलला की चिन्ह बदलते, रक्कम नाही. ५०० रुपयांचे ५०० डॉलर व्हायला एक सेटिंग पुरते. म्हणून देशोदेशींच्या बँका आपसांतल्या व्यवहारात चिन्हावर विसंबत नाहीत. १९७८ साली प्रथम निघालेल्या आंतरराष्ट्रीय मानकातली तीन अक्षरे त्या रकमेसोबत पाठवतात. रुपयासाठी ती आहेत आयएनआर.