भूगंधर्वाच्या तबकड्या

काशीत मणिकर्णिकेवरून उत्तरेकडे निघाले म्हणजे मराठी इतिहास पायाखाली येऊ लागतो. बायजाबाई शिंद्यांचा घाट मागे पडतो. संकटादेवीच्या देवळाखालचा संकठा घाट लागतो. आणि थोडे पुढे नागपूरकर भोसल्यांचा घाट उभा असतो. संस्थानिकांची आठवण दगडाने अशी राखली. पण याच नगरीत एका मराठी माणसाने एका हरवलेल्या गवयाला शोधून काढले, त्याची खूण कोणत्याही पायरीवर नाही. ती उरली आहे लाखेच्या मोजक्या तबकड्यांत.

हा गवई म्हणजे रहिमतखाँ. ग्वाल्हेरच्या ख्यालगायकीचे अध्वर्यू हद्दूखाँ यांचा हा मुलगा. 1875 साली हद्दूखाँ वारले. भाऊ महंमदखाँही राहिला नाही. पाठीवरचा हात गेला आणि रहिमतखाँचे चित्त ठिकाणावर राहिले नाही. अफूचे व्यसन जडले, आणि भटकत भटकत हा खानदानी गायक काशीच्या रस्त्यांवर येऊन पोहोचला.

विष्णुपंत छत्रे ग्वाल्हेरीस घोड्यांची विद्या शिकले आणि हद्दूखाँपाशी गाणेही शिकले. घोड्यांच्या विद्येवर त्यांनी 1880 साली मुंबईत सर्कस उभी केली. गाण्याची विद्या उपयोगी पडली ती काशीत. फकिराच्या वेषातला कोणी एक गात होता आणि त्या गळ्यावरून विष्णुपंतांनी गुरुपुत्र ओळखला, असे सांगतात. सांगणाऱ्यांनी कथेला थोडा रंग चढविला असेल; परंतु पुढची हकीकत रंगाविना पुरेशी विलक्षण आहे. वाघ, हत्ती आणि कसरतपटू यांच्या तांड्याबरोबर ग्वाल्हेरचा ख्याल गावोगाव फिरू लागला. लोकांनी रहिमतखाँना ‘भूगंधर्व’ म्हटले. विष्णुपंतांमागे त्यांचे धाकटे बंधू काशिनाथपंत यांनी खाँसाहेबांचा सांभाळ केला. खाँसाहेबांचे अखेरचे दिवस कुरुंदवाडला गेले. काशीच्या पंचगंगेकडून ते कृष्णाकाठच्या पंचगंगेकडे आले, इतकेच.

1922 साली ते वारले. त्याआधी थोडीच वर्षे ग्रामोफोन कंपनीने त्यांच्या काही तबकड्या काढल्या. तेव्हा मायक्रोफोन नव्हता; भोंग्यापुढे उभे राहून गावे लागे, आणि तबकडीच्या एका बाजूवर मावत साडेतीन मिनिटांच्या आसपास. ज्या गळ्याने रात्री गाजविल्या, त्याच्या वाट्याला उतारवयात एवढाच अवकाश आला. तरीही त्या खरखरीतून स्वर सुईसारखा नेमका येतो. ग्वाल्हेरच्या भरदार गायकीला हळवेपणाचा असा स्पर्श फार थोड्यांनी दिला आहे.

त्यांपैकी ‘जमुना के तीर’ ही भैरवी विशेष ऐकण्याजोगी आहे. अब्दुल करीमखाँ रहिमतखाँच्या गाण्याने भारून गेले होते. पुढे त्यांनी हीच भैरवी आपल्या आवाजात ध्वनिमुद्रित केली आणि ती इतकी लोकप्रिय झाली की मूळ तबकडी विसरली गेली. भीमसेन जोशीही ती गात. ऐकणाऱ्यांना किराण्याची आठवण होई, छत्र्यांच्या सर्कशीची नव्हे.

लाखेची तबकडी हातून निसटली की फुटते, आणि जुन्या बाजारात पडली तर भंगाराच्या भावाने जाते. रहिमतखाँचा आवाज ऐकायला मिळतो तो जुन्या तबकड्या धुंडाळणाऱ्या संग्राहकांमुळे. 1990 साली मुंबईत अशा मंडळींची एक संस्थाच स्थापन झाली. आता ती भैरवी कोणालाही घरबसल्या ऐकता येते. प्रथम खरखर ऐकू येते. मग तिच्यामागून म्हातारा रहिमतखाँ गाऊ लागतो.