मांडवाचे शहर

ताराबाई भवाळकरांच्या अध्यक्षतेखालील अठ्ठ्याण्णवाव्या मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन २१ फेब्रुवारी २०२५ रोजी नवी दिल्लीच्या विज्ञान भवनात झाले आणि पुढचे कार्यक्रम तालकटोरा स्टेडियममध्ये पार पडले. विज्ञान भवन १९५६ साली युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेच्या निमित्ताने उभे राहिले. आज ज्याला आपण सर्रास 'कन्व्हेन्शन सेंटर' म्हणतो, त्या जातीच्या इमारतींपैकी ही आपल्याकडची एक जुनी इमारत. तिच्यात आज एक परिषद भरते, उद्या दुसरी. खुर्च्या, दिवे, ध्वनिवर्धक जागचे हलत नाहीत. शहराला त्याची फारशी खबरही लागत नाही.

याआधी तीन वर्षे, २२ ते २४ एप्रिल २०२२ या दिवसांत, पंचाण्णवावे संमेलन लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला भरले होते. अध्यक्ष होते भारत सासणे, स्थळ होते महाराष्ट्र उदयगिरी महाविद्यालयाचा परिसर, आणि ऋतू होता मराठवाड्याचा ऐन उन्हाळा. त्याच दिवसांत त्याच गावात विद्रोही साहित्य संमेलनही भरले. त्याचे अध्यक्ष गणेश विसपुते होते. तालुक्याच्या एका गावाने एकाच आठवड्यात परस्परांना प्रश्न विचारणारी दोन संमेलने अंगावर घेतली. विज्ञान भवनासारखी एकही वास्तू तिथे नव्हती. या दोन चित्रांतला फरक केवळ साधनसामग्रीचा आहे, असे मानून पुढे जाणे सोपे आहे. मला तो फरक इतिहासातून आलेला वाटतो, आणि त्याचा आरंभ निजामी राजवटीत आहे.

हैदराबाद संस्थानात सभेला छप्पर मिळणे ही दुसरी अडचण होती. पहिली अडचण सभा भरविण्याचीच होती. 'गश्ती नंबर ५३' या कुप्रसिद्ध परिपत्रकान्वये सार्वजनिक सभेसाठी पूर्वपरवानगी सक्तीची होती. ज्या राज्यात माणसांनी एकत्र बसणे हेच संशयास्पद, तिथे लोकवर्गणीतून नगरमंदिरे, टाउन हॉल उभे राहावेत कसे? मुंबई-पुण्याच्या सार्वजनिक जीवनाचा इतिहास पुष्कळदा सभागृहांच्या नावांनी सांगता येतो. मराठवाड्याचा तसा सांगता येत नाही. इथला इतिहास गावांच्या नावांनी सांगावा लागतो: परतूर, लातूर, उमरी.

ही महाराष्ट्र परिषदेच्या अधिवेशनांची गावे. पहिले अधिवेशन १९३७ साली परतूरला गोविंदराव नानलांच्या अध्यक्षतेखाली झाले, दुसरे १९३८ साली लातूरला आणि तिसरे १९४१ साली नांदेड जिल्ह्यातल्या उमरीला. आंध्र महासभा, कर्नाटक परिषद आणि महाराष्ट्र परिषद या तीन भाषक संस्थांनी संस्थानातली राजकीय जागृती वाढवली, हे आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचतो. स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच, १९३८ सालीच बंदी आली आणि ती उठायला १९४६ उजाडले, हेही वाचतो. पण ही अधिवेशने भरली ती गावे नकाशावर पाहिली, तर आणखी एक गोष्ट दिसते. परतूर आणि उमरी ही दोन्ही मनमाड-हैदराबाद मीटरगेजवरची स्थानके आणि लातूर हे बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांवरचे. प्रतिनिधी उतरू शकतील असे स्टेशन आणि त्यांना जेवूखाऊ घालू शकेल अशी बाजारपेठ एवढ्या भांडवलावर अधिवेशन उभे राहू शकत होते. बाकीचे गाव पुरवी.

भाषेची आणि साहित्याची सभा त्यामानाने सोयीची होती. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या अध्यक्षतेखालील १९३१चे मराठी साहित्य संमेलन खुद्द निजामाच्या राजधानीत, हैदराबादेत भरले. राजकारणाला जे दार बंद होते ते साहित्याला किलकिले होते, आणि म्हणून या भागात साहित्याच्या मांडवात साहित्याहून अधिक काही येऊन बसू लागले. आमच्याकडे साहित्य संमेलन हा आजही निव्वळ साहित्याचा कार्यक्रम का होत नाही, याचे एक कारण मला इथे दिसते. संमेलनांतल्या मिरवणुका, पुढारी, ठराव यांवर टीका करणाऱ्यांत मीही आहे. पण ती सवय कुठून आली हे विसरून केलेली टीका उथळ ठरते.

हैदराबाद मुक्त झाल्यावर सभांना जागा मिळाली ती महाविद्यालयांत. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५०चे, लातूरचे दयानंद महाविद्यालय १९६१चे. मराठवाड्यातल्या दोन पिढ्यांची वैचारिक शिदोरी असल्याच महाविद्यालयांच्या सभागृहांतून आणि गावोगावच्या व्याख्यानमालांतून बांधली गेली. पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर हे त्या जगाचे सर्वांत ठळक नाव. वर्गात शिकवावे आणि गाडीत बसून पुढच्या गावी बोलायला जावे, असा त्यांचा क्रम. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादला त्यांना मृत्यू आला तोही व्यासपीठावर. त्यानंतर तीन वर्षांनी, १९८५ साली शंकर पाटलांच्या अध्यक्षतेखालील अखिल भारतीय संमेलन नांदेडला भरले. कुरुंदकरांच्या गावी कुरुंदकरांवाचून भरलेले ते संमेलन, असे मला नेहमी वाटत आले आहे.

नांदेडमध्ये आज कुसुम सभागृह आहे, डॉ. शंकरराव चव्हाण प्रेक्षागृह आहे. लातूरला दयानंद सभागृह आहे. राज्य नाट्य स्पर्धेच्या काळात अशा सभागृहांचे मोल कळते. दिवसभर नोकरी करून रात्री तालीम करणाऱ्या मंडळींना वर्षाकाठी एकदा खरा रंगमंच आणि तिकीट काढून आलेला प्रेक्षक मिळतो. एवढ्यासाठी तरी मांडव पुरत नाही, हे कबूल केले पाहिजे. नाटकाला अंधार लागतो आणि मांडवात अंधार होत नाही.

पण नांदेडचे खरे अधिवेशन-केंद्र कोणते, असे कुणी विचारले तर मी या सभागृहांकडे बोट दाखवणार नाही. ते गोदाकाठी सचखंड श्री हजूर साहिब येथे आहे. गुरू गोविंदसिंगांचे निर्वाण १७०८ साली नांदेडला झाले. आजची गुरुद्वाऱ्याची वास्तू १८३२ ते १८३७ या काळात महाराजा रणजितसिंगांच्या आश्रयाने उभी राहिली. परिषदा भरविणाऱ्या व्यवस्थापकाला ज्या तीन काळज्या असतात, म्हणजे पाहुणे उतरणार कुठे, जेवणार काय, आणि गर्दी वाहती राहणार कशी, त्या तिन्हींची उत्तरे या संस्थेने केव्हाच शोधली आहेत. यात्री निवास आहेत, अखंड चालणारा लंगर आहे, आणि दसरा, दिवाळी, होला महल्ला यांचे ठरलेले चक्र आहे. सेवा करणारा हात पगारी नसतो, त्यामुळे तो अमुक तासानंतर थांबतही नाही. दसऱ्याचा हल्लाबोल शहराच्या रस्त्यांवरून जातो तेव्हा शहर हेच सभागृह झालेले असते.

२००८ साली गुरुता गद्दीची त्रिशताब्दी आली. डिसेंबर २००५मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानात नांदेडचा समावेश झाला तो धार्मिक-ऐतिहासिक महत्त्वाचे शहर म्हणून. लोकसंख्येच्या निकषावर ते दहा लाखांच्या शहरांत बसणारे नव्हते. नांदेड-वाघाळा महानगरपालिका तेव्हा जेमतेम दहा वर्षांची होती. रस्ते, पूल, पाणीपुरवठा, मलनिःसारण, घाट, विमानतळ अशी कामे त्या एका सोहळ्याची तारीख समोर ठेवून हाती घेतली गेली. एरवी पंधरा-वीस वर्षे फायलींत राहिले असते ते तीन वर्षांत झाले. रुंदीकरणात ज्यांची दुकाने-घरे गेली त्यांचा हिशेब वेगळा आहे आणि तो सोहळ्याच्या स्मरणिकांत सापडत नाही. तरीही सोहळा आटोपला, तंबू उठले, आणि पूल राहिले. समारंभाने शहराची काय सेवा केली, या प्रश्नाला इतके मूर्त उत्तर मराठवाड्यात दुसरे नाही.

साहित्य संमेलनाच्या वाट्याला असे पूल येत नाहीत. १९८५च्या नांदेडात, १९९५च्या परभणीत किंवा २०२२च्या उदगिरात मांडव उठल्यावर मागे काय उरले? ग्रंथविक्रीचे आकडे छापून येतात. पण एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाला नवी खोली मिळाली, कायमची अभ्यासिका झाली, असे फार क्वचित ऐकू येते. शीख समाजाने तीनशे वर्षांची आठवण करताना शहराचे पाणी आणि रस्ते मागून घेतले. आपण तीन दिवसांची जेवणे आणि व्यासपीठाची रुंदी मागतो. दोष मांडवाचा नाही. मागणाऱ्याने काय मागावे याचा विचार आधी झालेला नसतो, एवढेच.

आणि म्हणूनच जिल्ह्याजिल्ह्यांत वातानुकूलित भव्य केंद्रे हवीत या मागणीला मी बिचकतो. लातूरने हे जवळून पाहिले आहे. या शहराच्या मध्यभागी १९१७ साली बांधलेली गंज गोलाई आहे. मधोमध अंबाबाईचे देऊळ आणि चोहोबाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते. मिरची, गूळ, सोने, चपला अशा मालाचे बाजार त्या रस्त्यांवर वसले. लोक एकत्र यावेत म्हणून आखलेली याहून सरळ रचना मला ठाऊक नाही, आणि तिला भाडे नाही. याच लातूरला एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. १९३८ साली अधिवेशनाला येणाऱ्या प्रतिनिधींसाठी जो लोहमार्ग होता, तोच पुढे रुंद होऊन पाण्याच्या कामी आला. हजारो पाहुण्यांचे केंद्र बांधायचे तर त्यांच्या पिण्याच्या पाण्याची तरतूद आराखड्याच्या पहिल्या पानावर हवी. आणि ती झाली, तर पाहुण्यांच्या आधी ती नळाला येईल.