डोळ्यांची हालचाल आणि मनावरचा आघात : ईएमडीआरची कुळकथा

ईएमडीआर या मानसोपचाराचे मूळ १९८७ सालच्या एका निरीक्षणात आहे. कॅलिफोर्नियातील एका उद्यानात फिरत असताना मनाला छळणारे काही विचार अचानक ओसरल्याचे फ्रान्सीन शापिरो यांच्या लक्षात आले. तेच विचार मुद्दाम आठवून पाहिले, तरी पूर्वीइतका त्रास होईना. विचार मनात येताच आपले डोळे आपसूक डावीउजवीकडे झरझर हलतात, असे त्यांना जाणवले. मग त्यांनी ही हालचाल जाणूनबुजून करून पाहिली आणि पुढे ओळखीच्या लोकांवरही तिचा प्रयोग केला.

शापिरो मूळच्या इंग्रजी साहित्याच्या अभ्यासक. १९७९ साली कर्करोगाचे निदान झाल्यावर त्या मानसशास्त्राकडे वळल्या. पुढच्याच वर्षी अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत ‘आघातोत्तर तणाव विकार’ हे निदान प्रथमच दाखल झाले. व्हिएतनामहून परतलेले सैनिक आणि लैंगिक अत्याचार सोसलेल्या व्यक्ती यांना होणाऱ्या त्रासाला नाव मिळाले होते. परिणामकारक उपचारांचा शोध मात्र चालूच होता.

शापिरो यांचा पहिला अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. त्यात अवघे २२ जण होते. एकाच बैठकीत त्यांचा त्रास लक्षणीय कमी झाल्याचा निष्कर्ष त्यांनी मांडला. त्रास मोजण्याची ० ते १० ही पट्टी मात्र नवी नव्हती. तिचे मूळ जोसेफ वोल्पे यांच्याकडे जाते. भीती टप्प्याटप्प्याने बोथट करण्याची त्यांची पद्धत १९५८पासून ज्ञात होती, आणि शापिरोंच्या तंत्राच्या ‘ईएमडी’ (डोळ्यांच्या हालचालीतून बोथटीकरण) या आरंभीच्या नावातही तीच कल्पना होती. पुढे केवळ भीती बोथट होत नाही, तर अडकून पडलेल्या आठवणीवर मन नव्याने प्रक्रिया करते, असे शापिरो यांचे मत झाले. तेव्हा नावात ‘पुनर्प्रक्रिया’ या अर्थाचा शब्द आला आणि ईएमडीचे ईएमडीआर झाले. १९९५ साली या पद्धतीचा पाठ्यग्रंथ निघाला.

रूढ पद्धतीत आठ टप्पे आहेत आणि डोळ्यांचे काम बरेच पुढे येते. आधी पूर्वेतिहास जाणून घेतला जातो आणि मन सावरण्याची साधने शिकवली जातात. मग रुग्णाने प्रसंगातले सर्वांत क्लेशदायक दृश्य, ‘मी असहाय आहे’ यासारखी स्वतःविषयीची धारणा आणि अंगात जाणवणारा ताण एकाच वेळी मनाशी धरायचा. उपचारक त्याच्या चेहऱ्यापासून साधारण फूटभर अंतरावर दोन बोटे आडवी फिरवतो आणि रुग्ण मान न हलवता नजरेने त्यांचा माग घेतो. सुमारे २४ फेऱ्या झाल्या की विसावा. ‘आता काय जाणवतंय?’ एवढेच विचारायचे आणि जे उत्तर येईल तिथून पुढची आवर्तने. बोटांऐवजी आलटून पालटून दोन्ही तळव्यांवर टिचक्या किंवा कानांत ध्वनीही चालतो.

डोळ्यांच्या या हालचालीवरूनच वादाला तोंड फुटले. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मॅकनॅली यांच्या मते यात जे परिणामकारक आहे ते जुनेच, आणि जे नवे आहे ते निष्प्रभ. २००१ साली अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात डोळ्यांच्या हालचालीमुळे वेगळा लाभ होत असल्याचे दिसले नाही. २०१३ सालच्या दुसऱ्या विश्लेषणात तो दिसला. हालचालीचा परिणाम वेगळा काढून तपासावा, हा टीकाकारांचा आग्रह रास्तच होता. त्यामुळेच प्रयोगांची शिस्त कडक झाली.

कारणमीमांसेत आज कार्यस्मृतीचे स्पष्टीकरण अधिक भक्कम वाटते. कार्यस्मृतीची क्षमता मर्यादित असते. आठवण मनात धरून नजरही फिरवायची, तर दोन्ही कामे त्याच क्षमतेत वाटेकरी होतात आणि आठवणीचे चित्र फिके पडते, त्याची धार कमी होते. प्रयोगशाळेत सुखद आठवणीही अशाच फिक्या होताना आढळल्या आहेत. स्वप्नावस्थेतल्या झोपेत डोळे वेगाने हलतात, त्याच्याशी साम्य जोडणारी उपपत्तीही आहे, पण तिला थेट पुरावा कमी आहे.

२०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेने आघातोत्तर तणाव विकारासाठी मुले आणि प्रौढ दोघांनाही ईएमडीआरची शिफारस केली. घडलेला प्रसंग तपशीलवार सांगण्याची किंवा घरी अभ्यास करण्याची सक्ती या पद्धतीत नसते, हा इतर उपचारांहून असलेला फरकही त्या शिफारशीत नोंदवला आहे. बोलता न येण्याजोगे सोसलेल्या माणसाच्या दृष्टीने तो फार मोठा आहे.