ठराव झाला, पाणी नाही

महाड म्हटलं की आपल्याला बाबासाहेबांची ओंजळ आठवते. मी इथं त्या ओंजळीआधीचा कागद वाचणार आहे. कारण ती कागदाची लढाई आपल्या वस्त्यांत अजून चालूच आहे.

४ ऑगस्ट १९२३. मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोल्यांचा ठराव पास झाला. सरकारी पैशातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कोर्टं, दवाखाने अस्पृश्यांना खुले. त्याला धरून ५ जानेवारी १९२४ ला महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं. कागदावर. तळ्यावर मुसलमान पाणी भरत, ख्रिस्ती भरत, जनावरं तोंड घालीत. आमचा माणूस तेवढा फिरकू शकत नव्हता. गावाचा धाक ठरावापेक्षा मोठा.

मी गिरणीत साच्यावर उभा असतो. धागा तुटला तर कुणाच्या पाळीत तुटला, कुणाच्या साच्यावर, लगेच विचारतात. पालिकेचा ठराव तुटला तर विचारायचं कुणाला? ऑगस्ट १९२६ मध्ये बोल्यांनी हाच प्रश्न कौन्सिलात पुन्हा नेला. जी नगरपालिका, जे लोकल बोर्ड अंमल करणार नाही त्याचं अनुदान बंद करा, म्हणाले. म्हणजे दुखणं कळलेलं होतं, औषधही कळलेलं होतं. पण कौन्सिलचा ठराव म्हणजे सरकारला शिफारस. शिफारशीला दात नसतात.

शेवटी २० मार्च १९२७ ला ठरावाचा अंमल कुणी केला? पालिकेनं नाही. बाबासाहेबांच्या मागनं चालत गेलेल्या हजारो माणसांनी केला, आणि त्याबद्दल डोकी फोडून घेतली. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे अशी सवर्ण माणसं सोबत होती, हेही लिहून ठेवलं पाहिजे. चांगली माणसं होती, तरी कारभार हलला नाही.

पुढं तळं गोमूत्र-शेणानं शुद्ध केलं गेलं. आणि ४ ऑगस्ट १९२७ ला पालिकेनं आपलाच ठराव मागं घेतला. बोल्यांच्या ठरावाला त्याच दिवशी चार वर्षं झाली होती. अंमल करायला तीन वर्षं पुरली नाहीत, रद्द करायला एक बैठक पुरली. मग तळं खाजगी आहे म्हणून दावा लागला. मार्च १९३७ ला हायकोर्टानं निकाल दिला: तळं पालिकेचं, अडवायची वहिवाट शाबीत नाही. चौदा वर्षं गेली एका ओंजळीला.

कसूर करणाऱ्या सरकारी नोकराला कैद, हे कलम आलं १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात. सत्याग्रहानंतर ६२ वर्षांनी.

आमच्या वस्तीच्या गटाराचाही ठराव झालाय म्हणतात. कारकून म्हणतो फाईल सायबाकडं, सायब म्हणतो फाईल खाली. पाणी मात्र आमच्या उंबऱ्यात.

तेव्हा भावांनो, ठराव झाला ऐकून हार-तुरे आणू नका. २००५ च्या माहिती अधिकारात अर्ज टाका. ३० दिवसांत उत्तर मागता येतं. ठरावाची नक्कल मागा, पैसा किती आला मागा, अंमल कुणाकडं होता त्याचं नाव मागा. जोवर नाव नाही, तोवर ठराव म्हणजे नुसती शाई. आणि शाई पिऊन तहान भागत नाही.