हाड टिकलं म्हणजे नक्की काय टिकलं?

मदिनत अश शमाल हे कतारच्या उत्तर टोकाचं गाव. इथून जवळच्या पश्चिम किनाऱ्यावर उथळ समुद्रात डुगाँग, म्हणजे समुद्रगायी, गवत चरत असतात. ह्याच देशाच्या नैऋत्य भागात त्यांच्या भाऊबंदांची सुमारे २.१ कोटी वर्षं जुनी हाडं सापडली आहेत. त्या प्राण्याचं २०२५ साली बारसं झालं: सालवासायरेन कतारेन्सिस.

मग मंडळी, एवढं जुनं हाड टिकतं, तर आपल्याकडच्या चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या माणसांचा डीएनए मिळायची मारामार का?

गोम 'टिकतं' ह्या शब्दात आहे. हाड म्हणजे आरसीसी समजा. वजनाने साधारण दोन-तृतीयांश खनिज, म्हणजे काँक्रीट; उरलेलं बरंचसं कोलॅजेन हे प्रथिन, म्हणजे सळया. उष्णता आणि ओल ह्या सळया तोडतात, जीवाणू त्या खातात. डीएनएचीही तीच गत. मग पोकळ झालेल्या हाडात भूजल शिरतं. जमीन आम्लधर्मी असेल तर खनिजही विरघळतं. नसेल तर पाण्यातलं फ्लोराइड खनिजात घर करतं आणि ते आणखी चिवट होतं. (टूथपेस्टमध्ये फ्लोराइड घालतात ते ह्याचसाठी!) थोडक्यात, घाट जुना, माल बदललेला.

हे फ्लोरीन मोजण्याचा उपयोगही झाला. १९१२ साली इंग्लंडमध्ये गाजलेल्या पिल्टडाउनच्या 'आदिमानवा'ची लबाडी १९५३ साली उघडी पडली, त्यात ह्या मोजणीचा मोठा वाटा होता.

आता आपल्याकडे येऊ. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी हरियाणातल्या राखीगढीच्या हडप्पाकालीन दफनभूमीतले ६१ नमुने तपासले. उपयोगी डीएनए मिळाला तो एका स्त्रीचा, तोही कानाच्या आतल्या भागाभोवतीच्या घट्ट हाडातून. २०१९ साली शोधनिबंध आला आणि त्या एकटीच्या जोरावर दोन्ही बाजूंनी आर्यांवरून भांडणं जुंपली. थंड युरोपातून मात्र असे नमुने शेकड्यांनी मिळतात.

म्हणून घाई नको. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत पुरलेली मुलं सापडली. त्यांच्या दातांवरून आणि हाडांवरून आजारपण, कुपोषण ह्यांचा अभ्यास झालाच. जे खनिज उरलंय तेही पुष्कळ सांगतं. जे उरलं नाही, ते कधी नव्हतंच असं मात्र म्हणता येत नाही.