ब्रॉकेनचा माथा

उंच जागीं चढलेला मनुष्य प्रथम चोहोंकडे पाहतो. सह्याद्रींतील गडांवर हिंडलेल्या श्रोत्यांस हें निराळें सांगावयास नको. माची, बुरूज, तट, ही सारी रचना पाहण्याच्या गरजेंतूनच उत्पन्न झालेली आहे. परंतु पाहणें ही नेहमीं एकच क्रिया असते असें मात्र नाहीं. वाटसरू आनंदासाठीं पाहतो, भूमापक मोजण्यासाठीं पाहतो, आणि पहारेकरी पाहतो तो कोणी चालून येत आहे कीं काय या संशयानें. या तिन्ही प्रकारच्या पाहण्याचा इतिहास एकाच माथ्यावर ज्यास वाचावयाचा असेल, त्यानें जर्मनींतील ब्रॉकेन या डोंगराची वाट धरावी. आजच्या भाषणांत आपण त्याच वाटेनें जाणार आहों.

ब्रॉकेन हा हार्झ नांवाच्या पर्वतसमूहांतील सर्वांत उंच डोंगर. त्याची उंची ११४१ मीटर, म्हणजे आपल्या हरिश्चंद्रगडाहूनहि कमी. तरी उंचीच्या या आंकड्यावरून त्याची योग्यता ठरवूं नये. त्याच्या उत्तरेस समुद्रापर्यंत सगळा मुलूख सपाट आहे. त्यामुळें अटलांटिक महासागरावरून येणारे वारे वाटेंत कोठेंहि न अडतां थेट याच्या अंगावर आदळतात. वर्षाचे सुमारें तीनशें दिवस माथ्यावर धुकें असतें. गेल्या शतकाच्या उत्तरार्धांतील तीस वर्षांचें सरासरी तपमान तीन अंशांच्याहि किंचित् खालीं भरलें. २४ नोव्हेंबर १९८४ रोजीं तेथें वाऱ्याचा वेग ताशीं २६३ किलोमीटर नोंदला गेला. अशा ठिकाणीं झाडें तग धरीत नाहींत. म्हणून वृक्षांची हद्द माथ्याच्या थोडी खालींच संपते, आणि वर उरतात ते मोठमोठे ग्रॅनाइटचे धोंडे, गवत आणि खुरटीं झुडपें.

या माथ्याकडे जाणारी एक जुनी वाट टॉर्फहाउस नांवाच्या वस्तींतून निघते. ही वस्ती सुमारें आठशें मीटर उंचीवर असून तेथून माथा सुमारें आठ किलोमीटर दूर आहे. टॉर्फहाउस म्हणजे पीटचें घर. थंड व ओल्या प्रदेशांत पाणी सांचून राहिलें म्हणजे तेथील शेवाळ मरतें, पण पुरतें कुजत नाहीं. थरावर थर बसून त्याची काळसर, तंतुमय माती बनते. ती वाळविली असतां सरपणासारखी जळते. तिलाच पीट म्हणतात. हार्झमधील खाणी व भट्ट्या यांच्या पायीं जंगलें तोडलीं जाऊन जळणाची ओढ लागली, तेव्हां अठराव्या शतकांत ब्रॉकेनच्या आसपास पीट खणण्याचा उद्योग सुरू झाला. परंतु धुक्यानें व पावसानें तें वाळेचना, आणि अखेर तो उद्योग सोडून द्यावा लागला. वस्तीचें नांव तेवढें मागें राहिलें.

या पाणथळ रानांतून आज लांकडी फळ्यांच्या वाटेनें जावें लागतें. आजूबाजूला पाहिलें तर मऊ, हिरव्या-तांबूस शेवाळाची गादी पसरलेली दिसते, आणि मधून मधून काळ्या पाण्याचीं डबकीं. हा थर सामान्यतः वर्षाला सुमारें एक मिलिमीटर वाढतो. म्हणजे आपल्या कमरेइतकें खोल खणलें, तर हजार वर्षांपूर्वींचें शेवाळ हातीं येईल. दरवर्षीं वाऱ्यानें आलेले फुलांचे परागहि त्यांत गाडले जातात. त्यांवरून कोणत्या शतकांत भोंवतालीं कोणतें जंगल होतें हें शास्त्रज्ञ सांगूं शकतात. राजदरबारीं लिहिलेल्या बखरींतून कांहीं गोष्टी वगळलेल्या असतात. ही दलदल मात्र कांहींच वगळीत नाहीं. पुढें लागणारें स्प्रूस वृक्षांचें अरण्य आतां पुष्कळ ठिकाणीं वठून गेलें आहे. २०१८ पासूनच्या अवर्षणांत झाडें दुबळीं झालीं आणि सालीखालीं पोंखरणाऱ्या किड्यांनीं त्यांचा घास घेतला. हा वृत्तांतहि पुढेंमागें कोणी त्या शेवाळांतून वाचील.

याच वाटेनें १० डिसेंबर १७७७ रोजीं एक अठ्ठावीस वर्षांचा तरुण वर गेला. शाकुंतलाची मुक्तकंठानें स्तुति करणारा कवि म्हणून आपणांस परिचित असलेला गटे तो हाच. तो नांव बदलून प्रवास करीत होता. बर्फ पडलें होतें, धुकें दाट होतें, आणि टॉर्फहाउस येथील वनरक्षक अशा हवेंत माथ्यावर जाण्यास मुळींच तयार नव्हता. इतक्यांत धुकें क्षणभर विरळ झालें व शिखर स्पष्ट दिसलें. मग तोहि सोबत येण्यास कबूल झाला. दुपारीं दोघे माथ्यावर पोंचले, तेव्हां वर लख्ख ऊन होतें आणि खालचा सारा प्रदेश ढगांखालीं झांकलेला होता. एप्रिलच्या अखेरच्या रात्रीं या माथ्यावर चेटकिणींचा मेळा भरतो, अशी त्या भागांतील लोककथा आहे. गटेनें ती आपल्या ‘फाउस्ट’ नाटकांत घेतली. त्याचा पहिला भाग १८०८ सालीं प्रसिद्ध झाला आणि ब्रॉकेनचें नांव युरोपभर झालें.

कवीच्या मागून भूमापक आला. गाउस या थोर गणितज्ञाकडे १८२० नंतरच्या वर्षांत हानोव्हर राज्याच्या मोजणीचें काम होतें. ब्रॉकेन, होहेर हागेन आणि इन्सेल्सबेर्ग या तीन शिखरांचा एक प्रचंड त्रिकोण त्यानें कल्पिला. त्याच्या बाजू सुमारें ६९, ८५ व १०७ किलोमीटर लांबीच्या होत्या. इतक्या अंतरावरून खूण दिसावी कशी? त्यासाठीं गाउसनें आरशानें सूर्यकिरण दूरच्या शिखराकडे वळविणारें एक उपकरण १८२१ सालीं तयार केलें होतें. शंभर किलोमीटर दूर असलेल्या डोंगरावरची ती चमक दुर्बिणींतून टिपावयाची आणि कोन मोजावयाचा, असें हें काम. एका शिखरानें दुसऱ्यास प्रकाशाची खूण करावी आणि त्यांतून सर्वांच्या उपयोगाचा नकाशा सिद्ध व्हावा, हा उंचीचा केवढा निर्मळ उपयोग!

ब्रॉकेनच्या धुक्याशीं आपल्या महाराष्ट्राचाहि एक धागा जुळलेला आहे. सूर्य पाठीशीं असून समोर खालीं धुकें पसरलेलें असलें, म्हणजे पाहणाराची सावली त्या धुक्यावर पडते व तिच्या मस्तकाभोंवतीं रंगीत वलय दिसतें. ब्रॉकेनवरील हा देखावा योहान झिल्बरश्लाग यानें १७८० सालीं वर्णिला, आणि तेव्हांपासून युरोपांत ‘ब्रॉकेनचें भूत’ हें नांव रूढ झालें. त्याच जातीचें वर्तुळाकार इंद्रधनुष्य कर्नल साइक्स यांना हरिश्चंद्रगडाच्या कड्यावरून दिसलें. वलयाच्या आंत त्यांना आपली, आपल्या घोड्याची व बरोबरच्या माणसांची सावली दिसली होती. दख्खनच्या हवामानावरील त्यांचा निबंध १८३५ सालीं प्रसिद्ध झाला. आपण त्या दृश्यास इंद्रवज्र म्हणतों. तिकडे भूत आणि इकडे देवेंद्राचें आयुध! वस्तु एकच, परंतु पाहणाऱ्याच्या मनांत जें असेल तें नांव तिला मिळतें.

माथ्यावर माणसाच्या सोयीहि हळूहळू झाल्या. १७३६ सालीं स्टोलबेर्ग-वेर्निगेरोडे येथील काउंटनें वाटसरूंच्या आसऱ्यासाठीं बांधविलेली दगडी झोंपडी अद्याप उभी आहे. १८०० सालीं तेथें उपाहारगृह झालें. १८९० सालीं गटिंगेन विद्यापीठाच्या अल्बर्ट पेटर यांनीं उंच पर्वतांवरील वनस्पतींची बाग लावली, आणि १८९९ मध्यें आगगाडी माथ्यापर्यंत पोंचली. पुढें १९३० नंतरच्या दशकांत दूरचित्रवाणीच्या प्रयोगांसाठीं एक मनोरा उभारण्यांत आला. येथपर्यंत या डोंगराचें पाहणें आणि दाखविणें जगाशीं मोकळेपणानें चाललें होतें.

महायुद्धाच्या शेवटास, १७ एप्रिल १९४५ रोजीं, अमेरिकन विमानांनीं माथ्यावर बाँब टाकले. त्यांत उपाहारगृह व वेधशाळा उद्ध्वस्त झाली. मनोरा मात्र वांचला. नंतर दोन वर्षें अमेरिकन सैन्य तेथें होतें. १९४७ सालीं त्यानें डोंगर रशियनांच्या स्वाधीन केला. जर्मनीच्या दोन भागांमधील सीमारेषा माथ्याच्या पश्चिमेस थोड्याच अंतरावरून गेली. तरी कांहीं वर्षें परवाना घेऊन लोक वर जात असत. ऑगस्ट १९६१ मध्यें बर्लिनची भिंत उभी राहिली, त्याच सुमारास ब्रॉकेनचा माथा लष्करी क्षेत्र ठरून सर्वसामान्यांस बंद झाला. आगगाडी धांवत राहिली, पण ती लष्कराच्या मालासाठीं.

पुढें सबंध माथ्याभोंवतीं काँक्रीटची भिंत घालण्यांत आली. तिचे २३१८ तुकडे होते. प्रत्येक तुकडा ३.६० मीटर उंच आणि २.४ टन वजनाचा. आंत दोन निरनिराळीं ठाणीं होतीं. एक सोव्हिएट सैन्याच्या गुप्तवार्ता विभागाचें. त्याचें सांकेतिक नांव येनिसेय. दुसरें पूर्व जर्मनीच्या राज्यसुरक्षा खात्याचें, म्हणजे लोक ज्यास स्टासी म्हणत त्याचें. त्याला नांव होतें उरियान, आणि हें नांव ‘फाउस्ट’मधील चेटकिणींच्या मेळ्याच्या अधिपतीचें! या ठाण्यांतील माणसें पश्चिमेकडील बिनतारी संदेश व दूरध्वनीवरील संभाषणें चोरून ऐकत. जुन्या काळीं बुरुजावरचा पहारेकरी डोळे ताणून बसे. आतां तो कान लावून बसला, इतकाच काय तो फरक.

हा दोष एकाच पक्षाचा होता असें म्हणतां येणार नाहीं. पश्चिम बाजूच्या शिखरांवरहि असेच मनोरे पूर्वेकडे कान लावून उभे होते. त्यांपैकीं स्टोबरहाय या शिखरावरील पश्चिम जर्मन सैन्याचा मनोरा २००५ सालीं पाडण्यांत आला. म्हणजे ज्या शिखरांनीं गाउसच्या काळीं एकमेकांस प्रकाश दाखविला, त्याच मुलुखांतील शिखरें आतां एकमेकांचें बोलणें चोरीत होतीं. आणि या साऱ्या व्यवहारांत डोंगराच्या पायथ्याशीं राहणाऱ्या माणसास आपला डोंगर पारखा झाला. पश्चिमेकडील लोक टॉर्फहाउसला येऊन समोरचें शिखर नुसतें पाहून परत जात. पूर्वेकडील गांवांत तर असे लोक होते कीं, ज्यांचें बालपण आणि तारुण्य ब्रॉकेनच्या छायेंत गेलें, पण ज्यांचें पाऊल त्यावर कधीं पडलें नाहीं. सबंध अठ्ठावीस वर्षें हें असें चाललें.

९ नोव्हेंबर १९८९ रोजीं बर्लिनची भिंत उघडली. तरी ब्रॉकेनची भिंत तशीच होती. तेव्हां ३ डिसेंबर रोजीं, रविवारीं, भोंवतालच्या गांवांतील लोकांचा मोठा समुदाय डोंगर चढून वर आला. माथ्यावरील फाटक बंद होतें. लोकांनीं शस्त्र उचललें नाहीं. ते दारापुढें उभे राहिले आणि दार उघडण्याची मागणी करीत राहिले. अखेर सैनिकांनीं फाटक उघडलें. अनेक लढाया जिंकून हातीं आलेल्या गडांच्या कथा आपण ऐकल्या आहेत. हा गड त्याच्या धन्यांनीं नुसतें चालत जाऊन परत मिळविला.

त्यानंतर घटना भराभर घडल्या. १९९० सालीं पूर्व जर्मनीच्या सरकारनें आपल्या अस्तित्वाच्या अगदीं अखेरच्या आठवड्यांत या भागास राष्ट्रीय उद्यानाचें संरक्षण दिलें. १९९१ सालीं वाफेची आगगाडी पुन्हां प्रवासी घेऊन वर आली. ३० मार्च १९९४ रोजीं शेवटचे रशियन सैनिक निघून गेले. भिंत तोडून हलविण्यांत आली. स्टासीच्या इमारतींत आज संग्रहालय आहे, आणि दूरचित्रवाणीच्या जुन्या मनोऱ्यांत प्रवाशांसाठीं निवास व वर सज्जा आहे. जेथून कोणासहि न दिसतां सर्वांचें ऐकलें जाई, त्याच माथ्यावर आतां लहान मुलें आपल्या आईबापांस बोट दाखवून दूरचीं गांवें ओळखावयास लावतात.

आणि तरी एक हद्द तेथें अद्याप आहे. बाग, दलदल व झुडपांचें रान यांत वाट सोडून जाण्यास मनाई आहे. ब्रॉकेनवर फुलणारें पांढरें अॅनिमोन उत्तर जर्मनींत अन्यत्र मिळत नाहीं, आणि तुडविलेलें शेवाळ भरून यावयास माणसाचें आयुष्य पुरत नाहीं. पहिली भिंत माणसांवरील अविश्वासानें घातली होती. ही मर्यादा येणाऱ्या पिढ्यांच्या काळजीनें घातली आहे. दोन्हींत मनाईच असली, तरी पहिली मोडावयास लोक डोंगर चढून गेले आणि दुसरी ते आपण होऊन पाळतात.

श्रोतेहो, आपणहि सुटीच्या दिवशीं गडावर जातों, बुरुजावर उभे राहतों आणि खालचा मुलूख पाहून प्रसन्न होतों. त्या वेळीं क्षणभर असाहि विचार मनांत आणावा कीं, या ठिकाणाहून पूर्वीं कोण कोणाला पाहत होतें, आणि कोणाला येथें येऊं दिलें जात नव्हतें. उंचीला स्वतःचा स्वभाव नसतो. आपण तिच्यावर आरसा घेऊन जातों कीं कुलूप घेऊन जातों, यावर तिचा इतिहास ठरतो.